चार काकू रुंद

लाँड्रीच्या गच्चीवर दोऱ्या कशा बांधायच्या, यावर काकूंच्या घरात कधी मतदान झालं नव्हतं. काकूंच्या सासूबाईंनी ज्या जागी खुंट्या ठोकल्या, त्याच जागी त्या आजही होत्या. दोऱ्या कुजल्या म्हणून नव्या आल्या, खुंट्या गंजल्या म्हणून नव्या आल्या, पण जागा हलली नाही. पांढरं पुढे, रंगीत मागे. चिमटे चादरीच्या काठाला, पोटाला नाही. ओली चादर दोन्ही हातांत पसरून माणूस न अडखळता पलीकडे जाईल एवढी वाट मध्ये मोकळी. आणि पायात चपला घालून गच्चीवर यायचं नाही. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी दोऱ्यांवर राज्य त्यांचंच होतं. बाकी घरावर काकूंचं.

खाली धुण्याची यंत्रं, इस्त्रीची टेबलं आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक, वर गच्ची. काका आणि मुलगा गाडी घेऊन गठ्ठे पोचवायला जात. ढगाळ दिवसांसाठी कोपऱ्यात एक सुकवायचं यंत्र होतं. काकू त्याला 'आजारपण' म्हणत. "आज आजारपण काढावं लागणार," असं त्या आभाळाकडे बघून म्हणाल्या की घरात सगळ्यांचे चेहरे पडत. कारण गावातल्या प्रसूतिगृहापासून स्टेशनजवळच्या हॉटेलापर्यंत सगळी गिऱ्हाइकं काकूंकडे येत ती एकाच गोष्टीसाठी. त्यांच्या चादरींना उन्हाचा वास यायचा.

सून या घरात आली तेव्हा तिच्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती आणि काकूंना तिची थोडी धास्ती होती. पण पहिल्याच आठवड्यात सुनेनं एक चादर नाकाला लावली आणि म्हणाली, "आई, हा वास भास नाही बरं का. ओल्या कपड्यावर ऊन पडलं की त्यातून काही पदार्थ तयार होतात. सावलीत वाळवलं तर होत नाहीत. मोजता येतात."

"म्हणजे मी खोटं सांगत नव्हते लोकांना?"

"अजिबात नाही."

"मग तुझी पदवी चांगली आहे," काकू म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या दोघींचं जमलं.

गच्चीवर ऊन यायचं ते समोरच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यावरून. वाराही तिकडूनच. कारखान्याची शेड बसकी होती, त्यामुळे दोघांनाही अडवणारं कुणी नव्हतं. काकूंनी त्या शेडचे आभार कधी मानले नव्हते. जी गोष्ट रोज मिळते तिचे आभार कोण मानतं?

मग एक दिवस कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली. त्या जागेवर राहण्याची इमारत होणार होती. नियमाप्रमाणे तिथं चार मजले बांधता येत होते. बिल्डरनं सहा मागितले होते, आणि लाँड्रीच्या बाजूला जेवढी जागा मोकळी सोडायची, तीही कमी करून मागितली होती. नियमांत या दोन सवलती द्यायच्या की नाहीत, हे ठरवण्याआधी नगररचना खात्याच्या अधिकारी बाई जागा पाहणार होत्या आणि नंतर सुनावणी घेणार होत्या. ज्याला हरकत असेल त्यानं सांगावी.

हरकत सगळ्यांनाच होती. गल्लीची सभा बेकरीत भरली, कारण सगळे मावतील अशी दुसरी जागा नव्हती आणि बेकरीवाल्याला गिऱ्हाइकं हवीच होती. अध्यक्षपदी अर्थातच हेडसर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना काळ लोटला होता, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

"माझं धोरण स्पष्ट आहे," ते म्हणाले. "एक इंचही सवलत नाही. उंचीत नाही, अंतरात नाही. एकदा बोट दिलं की हात जातो."

"सर, सहा मजल्यांत माणसं राहायला आली तर पाव जास्त खपेल हो," बेकरीवाला म्हणाला.

"तू गल्लीच्या बाजूचा आहेस की पावाच्या?"

"मी गल्लीच्याच बाजूचा आहे. पाव तटस्थ आहे."

लोक हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यातलं आजारपण रोज गरगरत होतं. ऊन गेलं तर त्यांची लाँड्री चार लाँड्र्यांसारखी पाचवी होणार होती, आणि प्रसूतिगृहाची मेट्रन दुसऱ्या दिवशी दुसरं दार वाजवणार होती. काकू उठून उभ्या राहिल्या.

"नुसती हरकत नोंदवून काय होतं? हरकतींचे गठ्ठे त्या बाईंनी पुष्कळ पाहिले असतील. कागदावरची सावली कुणाच्या अंगावर पडत नाही. मी त्यांना सावलीत उभं करते. इमारत झाली तर माझ्या गच्चीवर चादर वाळत नाही, हे त्यांनी स्वतःच्या हातानं चाचपून बघावं."

"पण काकू, इमारत तर अजून झालीच नाही," रंगारी म्हणाला. तो घरं रंगवायची कामं घ्यायचा आणि सगळं डोळ्यांना दिसल्याशिवाय त्याला पटायचं नाही.

"तिची काळजी तू करू नकोस. माझी सून करेल."

सून बाकाच्या टोकाला बसली होती. तिनं चमकून वर पाहिलं. घरी जाताना ती म्हणाली, "आई, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू 'विचार करून सांगते' म्हणाली असतीस. आता विचार कर आणि सांग."

सुनेनं विचार केला आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर काकूंसमोर अंगठा धरला. "एक डोळा मिटा. पाण्याची टाकी दिसते का?"

"तुझा अंगठा दिसतो."

"एवढी मोठी टाकी एवढ्याशा अंगठ्याने झाकली ना? लांबची उंच भिंत आणि जवळची बुटकी भिंत, उन्हाला दोन्ही सारख्याच. इमारत पलीकडच्या जागेत उभी करायची गरजच नाही. दोऱ्यांची पुढची टोकं मोकळी सोडू, तिथं सांगाडा उभा करू आणि त्यावर चादरींची भिंत टांगू. दोऱ्यांच्या मध्यावर जी सावली पडेल ती खऱ्या इमारतीएवढीच. मागच्यापुढच्या टोकांना थोडा फरक पडेल. वाऱ्याचं गणित इतकं सरळ नसतं, तेही त्या बाईंना सांगून टाकू."

"फरक कशाला सांगायचा?"

"त्यांनी विचारण्याआधी आपण सांगितला की मग त्या बाकीच्यावर विश्वास ठेवतात."

काकूंना हे पटलं. धंद्याचंच सूत्र होतं ते. न निघणारा डाग गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा, मग कपडा द्यायचा.

रंगाऱ्यानं पाइप आणले आणि दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच सांगाडा बांधून दिला. भेटीच्या दिवशी सकाळी काकू स्वतः शिडीवर चढल्या. सून खाली धुतलेल्या चादरींचा पहिला घाणा यंत्रातून काढत होती. काकूंनी वरच्या पाइपावर चादरी लावल्या, मग खालच्यावर. त्यांचे हात एकदा सुरू झाले की थांबत नसत. चिमटा, ओढ, चिमटा, पुढची. भिंत उभी राहिली. मग तिच्या मागे, सावलीत, प्रसूतिगृहाच्या ओल्या चादरी नेहमीच्या दोऱ्यांवर चढल्या. थंडीचे दिवस होते, ऊन तिरपं येत होतं आणि आभाळ स्वच्छ. काकू खूश होत्या.

अधिकारी बाई दुपारी आल्या. बारीक चणीच्या, हातात डबा. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी कुणी न सांगता चपला काढल्या, त्यामुळे काकूंच्या मनात त्यांच्याबद्दल चांगलं मत झालं. त्यांच्याबरोबर बिल्डरचा आर्किटेक्ट होता, तरुण, काखेत नकाशाची गुंडाळी. त्याला चपला काढायला सांगावं लागलं. मागून हेडसर, बेकरीवाला, रंगारी आणि जेवढी गच्चीत मावेल तेवढी गल्ली.

सुनेनं अंगठ्याचं गणित समजावून सांगितलं, फरकही सांगितले. अधिकारी बाईंनी नकाशावर दोनतीन अंतरं ताडून पाहिली आणि मान हलवली. "ठीक आहे. मांडणी बरोबर वाटते. आता काय बघायचं मी?"

"हात लावून बघा, बाई," काकू म्हणाल्या. "सकाळपासून टांगल्यात. पिळल्या तर पाणी निघेल."

अधिकारी बाईंनी मधल्या दोरीवरची चादर दोन बोटांत धरली. मग पूर्ण हातानं धरली. मग पुढच्या चादरीकडे गेल्या, मग तिच्या पुढच्या.

"वाळली आहे," त्या म्हणाल्या.

काकू तरातरा पुढे आल्या आणि त्यांनी चादर गालाला लावली. गाल खोटं बोलत नाही. चादर कोरडी ठणठणीत होती. कोपऱ्यातल्या दोन तेवढ्या जरा गार लागत होत्या.

"काकू," बेकरीवाला हळूच म्हणाला, "चादर फितूर झाली."

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. आर्किटेक्टनं नकाशाची गुंडाळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि सभ्यपणे आकाशाकडे बघत राहिला. हेडसर काकूंच्या कानाशी आले. "त्या आधीच वाळलेल्या होत्या, चुकून लागल्या, असं सांगा. मी दुजोरा देतो."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हेडसरांना आपली शाळा आठवली असावी, आणि त्यात ते बाकावर उभे होते.

"सर, माझ्या धंद्यात ओल्याला कोरडं म्हणत नाहीत आणि कोरड्याला ओलं म्हणत नाहीत. एवढं सोडलं तर आमच्याकडे आहे काय?" मग त्या अधिकारी बाईंकडे वळल्या. "वाळली आहे, बाई. का वाळली ते मला माहीत नाही. माहीत झाल्याशिवाय मी तुम्हाला सोडणारही नाही."

"मला माहीत आहे," सून म्हणाली.

ती मघापासून चादरींकडे बघतच नव्हती. ती फरशीकडे बघत होती. फरशीवर सावलीच्या मधोमध उन्हाचा एक लांब पट्टा पडला होता. "मी आले तेव्हा हा त्या टोकाच्या दोरीवर होता. आता मधल्या दोरीवर आलाय. ऊन सरकतं तसा हा पट्टा गच्चीभर फिरतोय. प्रत्येक चादरीला थोडा थोडा वेळ ऊन देऊन पुढे जातोय. आणि इथं उभं राहून बघा, वारा किती येतोय." ती सांगाड्याकडे वळली. "आई, भिंतीत ही मधली फट कुणी ठेवली?"

काकूंनी मान वर केली. चादरींच्या भिंतीत बरोबर मध्ये, वरपासून खालपर्यंत, एक सरळ मोकळी वाट होती. वरच्या रांगेतही आणि खालच्या रांगेतही. अगदी ओळंब्यात.

"मी कशाला ठेवू?" काकू म्हणाल्या. "भिंत करायची होती ना आपल्याला..." आणि मग त्या थांबल्या. स्वतःच्या दोन्ही हातांकडे त्यांनी असं पाहिलं, जसं हिशेबात न बसणाऱ्या नोकराकडे बघावं.

फट त्यांनीच ठेवली होती. ओली चादर दोन्ही हातांत पसरून माणूस पलीकडे जाईल एवढी. शिडीवर चढून, हवेत, जिथून कुणी कधी जाणार नव्हतं तिथंसुद्धा त्यांच्या हातांनी सासूबाईंची वाट सोडली होती. आणि सकाळपासून गल्लीतल्या कुणाच्याही नजरेला ती खटकली नव्हती, कारण या गच्चीवर चादरी अशाच टांगलेल्या सगळ्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या.

"सासूबाई, मेल्यावरही ऐकत नाही तुम्ही," काकू पुटपुटल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, माझी चूक झाली. ही त्यांची इमारत नव्हेच. त्यांच्या इमारतीत फट आहे का हो?"

हा प्रश्न आर्किटेक्टला होता. "नाही," तो म्हणाला. "इमारत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे."

"मग फट बुजवते. नवीन घाणा लावते. तुम्ही संध्याकाळी पुन्हा याल?"

अधिकारी बाईंनी डबा वर केला. "मी इथंच जेवले तर चालेल का? खाली बाक पाहिला मी."

फटीत दोन चादरी लागल्या. उन्हाचा पट्टा कुणी दार लोटावं तसा गेला, आणि गच्चीवर एकदम थंडी वाजायला लागली. सुनेनं दुसरा घाणा वर आणला. बाकीची गल्ली खाली उतरली. अधिकारी बाई बाकावर बसून जेवल्या, आणि बेकरीवाल्यानं त्यांना पाव आणून दिला, जो त्यांनी लाच नको म्हणून परत केला आणि आर्किटेक्टनं भूक लागली म्हणून खाल्ला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा सगळे पुन्हा वर गेले. यावेळी अधिकारी बाईंनी चादर धरली आणि लगेच सोडून हात कोरड्या जागी पुसला. "ओली आहे. चिंब नाही, पण ओली आहे."

"एक इंचही सवलत नाही!" हेडसर गरजले. काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

आर्किटेक्टला आता राहवलं नाही. तो वाईट मुलगा नव्हता, फक्त दिवसभर बिनचपलेचा उभा राहून त्याचे पाय गारठले होते. "सर, सवलत नाकारली तर आम्ही घरी जाणार नाही. आम्ही चार मजले बांधणार. नियमात आहेत तेवढे. तेही सलग, याच टोकापासून त्याच टोकापर्यंत. त्याला तुमची हरकत चालत नाही, आमचा अर्जही लागत नाही."

"चार चालतील," हेडसर म्हणाले. "चारचीच तर आमची मागणी आहे."

सून शिडीवर चढली. तिनं वरच्या पाइपावरच्या चादरी काढून घेतल्या. गच्ची स्वतःच मजलाभर उंच होती, त्यामुळे वरची रांग गेली की सहा मजल्यांची भिंत चार मजल्यांची झाली. मग ती खाली उतरून मधल्या दोरीपाशी गेली आणि गुडघ्यावर बसून चादरीच्या उंचीवरून वर पाहू लागली.

"दुपारी ऊन कुठं होतं ते मला आठवतंय. थंडीत त्याहून वर ते चढत नाही," ती म्हणाली. "आणि ते या भिंतीच्याही मागेच राहतं. वरचे दोन मजले उगाच आहेत. आपलं ऊन चौथ्या मजल्यानंच संपतं. उन्हाळ्यात फरक पडेल थोडा, पण उन्हाळ्यात कुणाची चादर वाळत नाही?"

काकूंनीही गुडघे टेकले, कण्हत का होईना, आणि एक डोळा मिटून पाहिलं. चादरींच्या काठावर आभाळाची एक पट्टी दिसत होती, आणि त्या पट्टीत ऊन यायचं नव्हतं.

इतके दिवस सगळी गल्ली बिल्डर काय मागतोय तिकडे बघत बसली होती. त्याला न मागता काय मिळालेलं आहे, तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. जिंकलेली हरकत घेऊन त्या घरी गेल्या असत्या आणि समोर कायदेशीर भिंत उभी राहिली असती. पण काकू फार वेळ हळहळत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सुनेचा खांदा धरला, उठल्या आणि आर्किटेक्टला विचारलं, "तुला सहा मजले कशाला हवेत?"

"घरं तेवढी बसायला हवीत म्हणून. चारमध्ये बसत नाहीत."

"मध्ये फट ठेवली तर किती मजल्यांत बसतील?"

मग त्यानं गुंडाळी सोडली, सांगाड्याच्या पाइपावर पसरली आणि पेन्सिल काढली. "दोन वेगळ्या इमारती... जिने दोन लागतील... सहामध्ये थोडी कमी पडतील. सातमध्ये बसतील."

"सात!" हेडसर म्हणाले.

"दगडापेक्षा वीट मऊ, सर," बेकरीवाला म्हणाला.

"ही वीट आहे? सात मजल्यांची वीट?"

अधिकारी बाई एवढंच म्हणाल्या, "मी आज काही ठरवत नाही. सुनावणीत जे मांडाल ते ऐकेन." त्यांनी चपला घातल्या आणि डबा विसरून गेल्या. तो काकूंनी धुऊन, उन्हात ठेवून, दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचवला.

बेकरीतली पुढची सभा मात्र सोपी गेली नाही. हेडसरांनी काकूंना सरळ विचारलं, "म्हणजे आपण गल्लीचे लोक जाऊन बिल्डरसाठी सवलत मागायची? लोक म्हणतील, काकूंनी गल्ली विकली."

"म्हणू देत. लोकांचे कपडे मी धुते, तोंडं नाही." काकूंनी टेबलावर पावाचे दोन तुकडे उभे केले. "सर, तुम्ही शाळेत शिस्त लावलीत. सगळ्या पोरांना एकच शिक्षा केलीत का कधी? एकाला बाहेर उभं केलंत, एकाला आईला घेऊन ये म्हणालात. मग सवलती दोन आहेत, तर दोन्हींना एकच उत्तर का? उंची त्याला घेऊ दे. आभाळ माझ्या मालकीचं नाही. पण माझ्या बाजूची मोकळी जागा तो एक बोटही कमी करणार नाही, आणि मध्ये वाट सोडेल. एक हवी, एक नको. असं म्हणायला काय हरकत आहे?"

"आणि माझ्या घरावर सात मजल्यांची सावली पडली तर?" रंगाऱ्यानं विचारलं. त्याचं घर लाँड्रीच्या मागे होतं.

"पडेल," सून म्हणाली. "पण फिरती पडेल. बसून राहणार नाही. मी तुमच्या खिडकीत येऊन दाखवते." आणि खरंच ती गेली, अंगठा धरून तासभर त्याच्या खिडकीत उभी राहिली आणि भिंतीवर खडूनं खुणा करून आली. रंगारी आपल्याच भिंतीवरचा खडू पाहून पटला.

हेडसर शेवटपर्यंत पटले नाहीत. पण सुनावणीला ते पहिल्या रांगेत बसले, आणि त्यांची पाळी आली तेव्हा उठून म्हणाले, "माझं म्हणणं काकू मांडतील. मला ते पूर्ण मान्य नाही, पण ते माझ्या म्हणण्यापेक्षा बरं आहे." काकूंना वाटलं, एवढ्यासाठी आजवरच्या त्यांच्या सगळ्या आरडाओरड्याला माफ करायला हरकत नाही.

सुनावणीची खोली लांबट होती, खिडक्या उंच आणि बंद. काकूंनी उभं राहिल्या राहिल्या पहिलं वाक्य टाकलं, "बाई, ही खोली वाळणार नाही कधी." मग त्या मुद्द्यावर आल्या. त्यांनी दुपारची चादर सांगितली, संध्याकाळची चादर सांगितली, स्वतःची चूकही सांगितली. "मी तुम्हाला इमारत किती वाईट ते दाखवायला निघाले आणि चांगली कशी होईल ते दाखवून बसले. आता दाखवलंच आहे तर तीच बांधा. एक घाव, दोन तुकडे. उंच जाऊ देत. पण सलग जाऊ देऊ नका."

बिल्डर स्वतः आला होता. जाड भुवयांचा, मोजकं बोलणारा. "फट ठेवायला माझी ना नाही," तो म्हणाला. "किती रुंद, ते सांगा. कारण 'फट' म्हटलं की उद्या तुम्ही रस्ताच मागाल."

काकू पुढे आल्या आणि त्यांनी दोन्ही हात बाजूंना सरळ पसरले, जणू हातात ओली चादर आहे. "गच्चीवर होती ती एवढी."

"आणि खऱ्या इमारतीत?"

काकूंनी हात तसेच ठेवून सुनेकडे पाहिलं. सुनेनं उत्तर तयारच ठेवलं होतं. "सांगाडा इमारतीपेक्षा चौपट जवळ होता. म्हणून फट चौपट. याच्या चार."

"चार काकू," बेकरीवाला मागून म्हणाला. "एकीलाच गल्ली पुरत नाही."

खोलीत हशा पिकला. बिल्डरच्या भुवयासुद्धा हलल्या. तो आर्किटेक्टकडे वळला, दोघांची थोडी कुजबुज झाली. "तीन काकू," बिल्डर म्हणाला.

"घासाघीस चादरीवर कर, माझ्यावर नको," काकू म्हणाल्या. हात अजून पसरलेलेच. "तीनमध्ये पट्टा अर्धवट फिरेल, आणि ज्या बाळंतिणीच्या वाट्याला ती उरलेली दमट चादर येईल तिला तूच जाऊन समजाव."

अधिकारी बाईंनी लेखणी उचलली. "काकू, हात खाली घेतलेत तरी चालेल. मी चार धरते. मीटरमध्ये लिहावं लागेल, म्हणून कुणीतरी जाण्याआधी तुमचं माप घ्या."

आर्किटेक्टनं खिशातून टेप काढली. सुनेनं एक टोक धरलं.

उंचीची सवलत मिळाली, अंतराची नाकारली गेली, आणि मधल्या वाटेची अट घातली गेली. इमारत उभी राहायला पुष्कळ दिवस लागले. धूळ इतकी उडाली की काकूंनी बरेच महिने आजारपणच काढलं आणि बिल्डरच्या नावानं रोज बोटं मोडली. पण सातवा मजला चढून परांच्या उतरल्या, त्या थंडीत एका सकाळी दोन इमारतींमधून उन्हाचा पट्टा गच्चीवर आला. सांगाड्याच्या दिवशी आला होता तसाच, फक्त जास्त रुंद आणि कडांना थोडा मऊ.

पण तो दोऱ्यांना आडवा सरकत होता. पट्टा एका दोरीवर असला की तिच्यावरच्या सगळ्या चादरी उजळत आणि बाकी दोऱ्या तशाच वाट बघत राहत. शेवटच्या दोरीपर्यंत पोचेस्तोवर तो थकून जायचा. दोनतीन दिवस काकू पायरीवर बसून नुसत्या बघत राहिल्या.

"आई," सून म्हणाली, "दोऱ्या फिरवल्या तर? उभ्याच्या आडव्या. म्हणजे पट्टा एकाच वेळी प्रत्येक दोरीवरून जाईल."

काकूंनी एकेका खुंटीकडे पाहिलं. सुनेला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. तिनं विषय बदलायला चिमट्यांची टोपली उचलली.

"टोपली ठेव," काकू म्हणाल्या. "खालून हातोडी आण. आणि रंगाऱ्याला म्हणावं, खुंट्या उपटायच्यात, ये."

"चालेल तुम्हाला?"

"सासूबाईंचं ऊन कारखान्यावरून यायचं. त्या उन्हाला त्यांच्या दोऱ्या बरोबर होत्या. माझं ऊन मधून येतं." काकूंनी पहिल्या खुंटीला हात घातला. ती बरीच वर्षं तिथंच होती, तिला हलायची सवय नव्हती. काकूंनी ती हलवली. "एक मात्र सांगून ठेवते. फिरवायच्या तशा फिरव. मधली वाट बुजवायची नाही."

सुनेनं दोन्ही हात पसरून मधली वाट मापली, आणि खडूनं फरशीवर खूण केली.